स्टॅनफर्ड की कार्नेगी मेलन?

शनिवारी सकाळी सहाला फोन वाजला की समजायचं, न्यू जर्सीहून ताई. तिच्याकडे नऊ वाजलेले असतात, दुसरा चहा झालेला असतो, आणि त्या वेळी कॅलिफोर्नियात माणसं गाढ झोपलेली असतात हे तिला इतक्या वर्षांत कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. यंदा मार्चच्या शेवटी असाच फोन आला. "झोपलायस काय अजून? ऊठ! दोन्हीकडून आलं!"

दोन्हीकडून म्हणजे स्टॅनफर्ड आणि कार्नेगी मेलन. माझ्या भाचीला कॉम्प्युटर सायन्ससाठी दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळाला होता. स्टॅनफर्ड गेली काही वर्षं शंभर अर्जांतले चारसुद्धा घेत नाही. कार्नेगी मेलनच्या कॉम्प्युटर सायन्सचं दारही अरुंदच. पोरीनं मेहनत केली होती, एडिसनला पेढेही मिळतात, त्यामुळे आनंद व्यवस्थित साजरा झाला.

तो साधारण अर्धा तास टिकला. मग घरात एकच प्रश्न सुरू झाला, जायचं कुठे? १ मेपर्यंत उत्तर कळवायचं होतं. आणि ताईच्या मते घरात 'त्या लाइनमधला' मीच. भावजी फार्मा कंपनीत, ताई बँकेत, मी सॉफ्टवेअरमधला. त्यातून माझं सनीव्हेलचं घर स्टॅनफर्डपासून गाडीने वीस मिनिटांवर. म्हणजे मी एकाच वेळी तज्ज्ञही आणि लोकल गार्डियनही!

पुढचे चार आठवडे मी जेवढा विचार या प्रश्नावर केला तेवढा स्वतःच्या शिक्षणावर कधीच केला नव्हता. त्यातून जे हाती लागलं ते आज लिहून काढतोय. दोन्हीकडून होकार येणाऱ्या घरांची संख्या फार नसते, मान्य. पण दोन चांगल्या कॉलेजांत अडकलेली घरं मात्र भरपूर, पुण्यात काय आणि फ्रीमाँटला काय.

आधी घरातलं मतदान सांगतो. भावजींनी एक्सेल उघडलं. रँकिंग, सरासरी पगार, हवामान, विमानाचं तिकीट, सगळे कॉलम. शेवटी बेरीज स्टॅनफर्डची जास्त आली. (कॉलमचं वजन त्यांनीच ठरवलं होतं, हे मी बोललो नाही.) ताईचं मन द्विधा. एडिसनहून पिट्सबर्ग गाडीने साडेपाच-सहा तास, म्हणजे शुक्रवारी डबा घेऊन निघता येतं. पण स्टॅनफर्डला मामा आहे. नाशिकहून आईनं फोनवर विचारलं, "स्टॅनफर्ड ऐकलंय रे, ते खरबुजाचं कॉलेज कुठलं?" आई शाळेत इंग्रजी शिकवायची, 'मेलन' म्हटल्यावर तिला दुसरं काय सुचणार!

आईचा विनोद सोडला तरी त्यात घरातला मुख्य मुद्दा होता. स्टॅनफर्ड हे नाव सगळ्यांना माहीत आहे. लग्नात, मंडळाच्या गणपतीत, नाशिकच्या बिल्डिंगमध्ये ते सांगावं लागत नाही. कार्नेगी मेलन समजावून सांगावं लागतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला मात्र ते समजावून सांगावं लागत नाही. उलट आमच्यात कार्नेगी मेलन म्हटलं की समोरचा जरा सरसावून बसतो.

तेव्हा पहिल्यांदा या नावांचाच निकाल लावू.

या दोन्ही विद्यापीठांत कॉम्प्युटर सायन्सचा वेगळा विभाग सुरू झाला तो एकाच वर्षी, १९६५ साली. स्टॅनफर्डला जॉर्ज फोरसाइथनी गणितातून बाहेर पडून तो उभा केला. पिट्सबर्गला तेव्हा नाव होतं कार्नेगी टेक (कार्नेगी मेलन हे नाव १९६७ चं). तिथे अ‍ॅलन पर्लिस, अ‍ॅलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन ही मंडळी. पहिलंवहिलं ट्युरिंग अवॉर्ड १९६६ साली पर्लिसना मिळालं. सायमनना तर पुढे १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. स्टॅनफर्डकडे जॉन मॅकार्थी, डोनाल्ड नूथ. म्हणजे वयानं जुळी आणि खानदानानं तोडीस तोड.

आता गंमत बघा. १९९४ चं ट्युरिंग अवॉर्ड दोघांत विभागून मिळालं, एडवर्ड फायगेनबॉम आणि आपले राज रेड्डी. फायगेनबॉम स्टॅनफर्डचे प्राध्यापक, पण पीएच.डी. कार्नेगी टेकची, सायमनच्या हाताखाली. राज रेड्डी कार्नेगी मेलनचे, तिथल्या रोबोटिक्स इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक. पण पीएच.डी. स्टॅनफर्डची, मॅकार्थींच्या हाताखाली! म्हणजे यांची लेक त्यांच्या घरी आणि त्यांची यांच्या घरी. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात.

आणखी एक उदाहरण माझ्या पिढीच्या सॉफ्टवेअरवाल्यांना जवळचं वाटेल, कारण आमचं पोट ज्यावर भरलं ती जावा ज्या कंपनीतून आली त्या सन मायक्रोसिस्टिम्सचं. 'सन' हे नाव स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्कच्या आद्याक्षरांवरून घेतलेलं. १९८२ साली कंपनी सुरू झाली. मूळ वर्कस्टेशन बनवणारे अँडी बेक्टोलशाइम तेव्हा स्टॅनफर्डला होते, पण मास्टर्स केलं होतं कार्नेगी मेलनला. संस्थापकांतले विनोद खोसला दिल्ली आयआयटीनंतर आधी कार्नेगी मेलनला गेले आणि मग एमबीएला स्टॅनफर्डला. आणि जावा लिहिणारे जेम्स गॉस्लिंग कार्नेगी मेलनचे पीएच.डी. पाटी स्टॅनफर्डची आणि स्वयंपाकघरात निम्मी माणसं पिट्सबर्गची!

चालकाविना धावणाऱ्या गाड्यांचंही तेच. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेनं २००४ साली मोहावीच्या वाळवंटात अशा गाड्यांची शर्यत ठेवली. एकही गाडी पोचली नाही. सगळ्यात लांब गेलेली कार्नेगी मेलनची, तीही जेमतेम बारा किलोमीटर. २००५ साली पुन्हा शर्यत झाली आणि स्टॅनफर्डची 'स्टॅनली' पहिली आली, कार्नेगी मेलनच्या दोन गाड्या दुसऱ्या आणि तिसऱ्या. स्टॅनफर्डच्या संघाचे प्रमुख सेबास्टियन थ्रून कोण? दोन वर्षांपूर्वीपर्यंत कार्नेगी मेलनचेच प्राध्यापक. मग २००७ साली शहरातल्या रस्त्यांसारख्या रस्त्यांवर शर्यत झाली. कार्नेगी मेलनची 'बॉस' पहिली, स्टॅनफर्डची 'ज्युनियर' दुसरी. फिट्टंफाट. पुढे दोन्ही संघांतली माणसं गूगलच्या गाडीवर एकत्र काम करायला लागली. आज माझ्या घराच्या खिडकीतून रिकाम्या ड्रायव्हर सीटची गाडी जाताना दिसते, तिच्यात या दोन्ही घरांचं रक्त आहे.

हे सगळं सांगायचं कारण, 'कुठलं मोठं?' हा प्रश्न इथे बाद होतो. ज्या दोन घरांत साठ वर्षं माणसांची ये-जा आहे त्यांच्यात मोठं-धाकटं शोधून काही मिळत नाही. दोन्हीकडे कॉम्प्युटर सायन्सच्या इमारतीला नावसुद्धा एकाच माणसाचं आहे, बिल गेट्सचं. आणि तो गृहस्थ तिसऱ्याच विद्यापीठातून शिक्षण अर्धवट सोडून गेलेला. :-)

(तो वरचा स्मायलीही पिट्सबर्गचाच बरं का. स्कॉट फालमननी १९ सप्टेंबर १९८२ ला कार्नेगी मेलनच्या बुलेटिन बोर्डावर तो सुचवला. विनोद ओळखू येत नाहीत आणि भांडणं होतात म्हणून!)

नावाचा निकाल लागला. मग फरक कशात आहे? चार गोष्टींत.

पहिला आणि सगळ्यात मोठा फरक, निर्णय कधी घ्यायचा. कार्नेगी मेलनमध्ये तुम्हाला प्रवेश मिळतो तो थेट स्कूल ऑफ कॉम्प्युटर सायन्समध्ये. पहिल्या दिवसापासून तुम्ही कॉम्प्युटरचे. दुसऱ्या स्कूलमध्ये प्रवेश घेऊन नंतर इकडे शिरणं फार कठीण. स्टॅनफर्डमध्ये तुम्हाला विद्यापीठ घेतं, विभाग नाही. अर्जात कॉम्प्युटर लिहा नाहीतर संस्कृत लिहा, विषय जाहीर करायचा तो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत. कॉम्प्युटर हवा तर घ्या, नको तर नका घेऊ, कोणी अडवत नाही.

दुसरा फरक वेळापत्रकाचा. कार्नेगी मेलनला सेमिस्टर, साधारण पंधरा आठवड्यांची. स्टॅनफर्डला क्वार्टर, दहा आठवड्यांची, वर्षाला तीन. दहा आठवड्यांत विषय आला आणि गेला. याचा फायदा असा की चार वर्षांत कितीतरी जास्त विषयांना हात लावता येतो. तोटा असा की तिसऱ्या आठवड्यात ताप आला तर पाचव्यात मिडटर्म समोर उभी.

तिसरा फरक शिकवण्याच्या पद्धतीचा. कार्नेगी मेलनला पहिल्याच वर्षी मुलांना फंक्शनल प्रोग्रामिंग शिकवतात, स्टँडर्ड एमएलमध्ये, जी भाषा नोकरीत कोणी विचारणार नाही. हेतू हा की प्रोग्राम बरोबर आहे हे चालवून बघण्याआधी सिद्ध करता यावं. मग येतो १५-२१३ हा कॉम्प्युटर सिस्टिम्सचा प्रसिद्ध कोर्स. गंमत म्हणजे कॉलेजचा पिन कोडही १५२१३ च. रँडल ब्रायंट आणि डेव्हिड ओहॅलरन यांनी १९९८ साली तो सुरू केला, त्यातून पुस्तक निघालं आणि ते आता जगभर लावतात. त्यात एक असाइनमेंट असते 'बाँब लॅब'. तुम्हाला फक्त मशीन कोड देतात आणि तो वाचून, कुठला इनपुट दिला की बाँब फुटणार नाही, ते शोधायचं. तिथे प्रत्येक विषयाला जे युनिट असतात ते म्हणजे आठवड्याला किती तास द्यायचे याचा अंदाज. या कोर्सला बारा आहेत. असे चार विषय घ्या आणि स्वतःच गुणाकार करा!

स्टॅनफर्डला पहिल्या कोर्सची, सीएस १०६ए ची, ख्याती वेगळी आहे. तो सगळ्यांसाठी आहे. इतिहासवाला, जीवशास्त्रवाला, खेळाडू, सगळे त्यात बसतात. छोट्या तुकड्यांना शिकवायला वरच्या वर्गातली मुलंच असतात. पुढे गाभ्याचे विषय झाले की तुम्ही ट्रॅक निवडता, एआय, सिस्टिम्स, थिअरी वगैरे. शिवाय सिम्बॉलिक सिस्टिम्स नावाचा एक अजब विषय १९८६ पासून आहे, कॉम्प्युटर, भाषाशास्त्र, मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांची मिसळ. लिंक्डइनचे रीड हॉफमन आणि गूगल-याहूच्या मरिसा मायर त्याचेच पदवीधर.

म्हणजे कार्नेगी मेलन फक्त कारखाना आणि स्टॅनफर्ड फक्त बाग असं समजू नका. मराठी माणसाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे कार्नेगी मेलनमध्ये १९१४ पासून नाटकाची पदवी देतात. तिथली गेट्स बिल्डिंग आणि कलांची इमारत जोडणारा एक पूल आहे, 'लास्ट लेक्चर'वाल्या रँडी पाउश यांच्या नावाचा. पण पूल ओलांडायला वेळ लागतो, आणि आठवड्याला पन्नास तास असाइनमेंट करणाऱ्याकडे तो कमी असतो, इतकंच.

चौथा फरक आजूबाजूचा. स्टॅनफर्डच्या कुंपणाबाहेर सिलिकॉन व्हॅली आहे. ह्यूलेट-पॅकार्ड, सिस्को, याहू, गूगल, सगळी त्याच विहिरीचं पाणी प्यालेली. गूगलच्या पेटंटच्या बदल्यात मिळालेले शेअर विकून स्टॅनफर्डला २००५ पर्यंत ३३ कोटी डॉलरच्या वर मिळाले, यावरून कल्पना करा. भावजींच्या एक्सेलमध्ये याला 'नेटवर्क' असा कॉलम होता. पिट्सबर्ग हे जुन्या पोलाद गिरण्यांचं गाव. तीन नद्या, असंख्य पूल, हिवाळ्यात आभाळ महिनोन्‌महिने करडं. पण ड्युओलिंगोसारखी कंपनी तिथल्याच प्राध्यापकानं तिथेच काढली आणि मुख्य ऑफिसही तिथेच ठेवलं. या विहिरीला पाणी आहे, फक्त गर्दी कमी.

पैशाचं म्हणाल तर दोन्हीकडे सगळं धरून वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या आसपास. आर्थिक मदत दोन्हीकडे मुख्यतः घरच्या उत्पन्नावर ठरते, त्यामुळे प्रत्येकानं आपापली दोन पत्रं शेजारी ठेवून बघावं. ताई-भावजींच्या बाबतीत दोन्ही पत्रं जवळपास सारखी निघाली. म्हणजे चार वर्षांचे साडेतीन लाख डॉलर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझं मत. पहिल्या दिवशी ते ठाम होतं, कार्नेगी मेलन! कारण सांगतो.

मी बारावी झालो १९९६ साली. तेव्हा महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन बारावीच्या मार्कांवर व्हायची. मोठा हॉल, घामेजलेले बाप, मेरिट नंबर पुकारला की टेबलापाशी जायचं आणि उरलेल्या जागांतून मिनिटभरात एक निवडायची. माझ्यापुढे एका जुन्या नावाजलेल्या कॉलेजातलं सिव्हिल होतं आणि एका नव्या कॉलेजातलं कॉम्प्युटर. बाबांनी फक्त खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कॉम्प्युटर मिळतंय, घेऊन टाक." घेऊन टाकलं. तोपर्यंत मी कॉम्प्युटर दोनदा बघितला होता.

कॉलेजात आम्हाला ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय डिक्टेशननं शिकवला. शब्दशः. सर सांगायचे, आम्ही लिहायचो. प्रोग्राम मेमरीत नक्की कुठे बसतो हे मला नोकरी लागल्यावर आठ वर्षांनी कळलं, रात्री दोन वाजता, सर्व्हर पडलेला असताना, ब्रायंट-ओहॅलरनचं पुस्तक मांडीवर घेऊन. ते पुस्तक मी अधाशासारखं वाचलं. वाटायचं, हे मला अठराव्या वर्षी कोणी का नाही दिलं? तेव्हापासून १५-२१३ हा माझ्यासाठी कोर्स नाही, पंढरपूर आहे. भाचीला तिथे जायची संधी मिळते आहे म्हटल्यावर मी दुसरा विचारच केला नाही. एआय कोड लिहायला लागल्यापासून तर मी हे आणखी जोरात म्हणतो. वरवरचं काम मशीन करेल, तळ माहीत असलेला माणूस लागणारच.

एप्रिलमध्ये भाची इकडे आली, स्टॅनफर्ड बघायला. त्याआधी ताईबरोबर पिट्सबर्ग बघून झालं होतं. शनिवारी दुपारी आम्ही दोघं स्टॅनफर्डच्या आवारात हिंडलो. आवार म्हणजे आठ हजार एकर, आपल्याकडे एवढ्यात तीन-चार गावं बसतील. हिंडता हिंडता मी तिला बाँब लॅबचं महत्त्व समजावून सांगत होतो. पोरगी ऐकत होती. मग एका बाकावर बसली आणि म्हणाली, "मामा, बाँब लॅब मी केलीय. नेटवर आहे ती. लास्ट समरमध्ये केली."

मी गप्प. मग विचारलं, "मग? आवडली?"

"आवडली ना. पण मला दुसरं काय आवडतं ते मला माहीतच नाहीये. आपल्या घरात सगळ्यांना वाटतं मला कॉम्प्युटर आवडतो, कारण मी सहावीत असताना तू मला पायथन शिकवलंस. मी त्यात चांगली होते, मग तेच करत राहिले. मी दुसरं काही ट्राय केलंच नाहीये."

हे ती तक्रार म्हणून बोलली नाही. साधं, सँडविच खाता खाता बोलली. पण मला एकदम तो हॉल आठवला, तो फळा, आणि खांद्यावरचा हात. फक्त या वेळी हात माझा होता.

तर मंडळी, चार आठवड्यांच्या डोकेफोडीनंतर मला जे वाटतं ते असं.

मुलाला जर खरोखर खात्री असेल, म्हणजे मार्क मिळतात म्हणून नव्हे, तर कोणी सांगितलेलं नसताना, सुट्टीत, परीक्षेचा संबंध नसताना ते मूल तेच करत बसत असेल, आणि दुसऱ्या गोष्टी करून बघून परत तिथेच येत असेल, तर त्याला डोळे मिटून कार्नेगी मेलनला पाठवा. स्टॅनफर्ड मिळालं असलं तरी. चार वर्षांत ते जितकं खोल उतरेल तितकं उतरायची सवय पदवीच्या पातळीवर फार थोड्या ठिकाणी लावतात. सोबत सगळी तशीच मुलं असतात. आणि नाशिकला नाव समजावून सांगावं लागलं तर लागलं, दोन मिनिटांचं काम आहे.

खात्री नसेल तर स्टॅनफर्ड. पण 'नेटवर्क'साठी नाही. मन बदललं तर चालेल म्हणून. माझ्या मते स्टॅनफर्डची खरी किंमत ही आहे आणि आपल्या घरांत ती कोणी मोजत नाही. आपल्याला वाटतं स्टॅनफर्ड म्हणजे कॉम्प्युटर सायन्स अधिक गूगल अधिक ऊन. तिथे प्रवेश मिळालेल्या अठरा वर्षांच्या मुलीला विद्यापीठ सांगतं की दोन वर्षं बघ, चाख, मग सांग. आणि आपण तिला विमानतळावर सोडताना सांगतो, "कॉम्प्युटरच घे हं!" मग कशाला पाठवलं तिथे? एवढं उघडं दार विकत घ्यायचं आणि आतून कडी घालायची?

म्हणून मी ताईला फोन केला (संध्याकाळी, सभ्य वेळी) आणि सांगितलं, "स्टॅनफर्डला पाठवायचं असेल तर एक गोष्ट आत्ता कबूल करा. दोन वर्षांनी ती म्हणाली की मला भाषाशास्त्र करायचंय, किंवा भूगर्भशास्त्र, तर साडेतीन लाख डॉलरचा हिशोब तिच्यासमोर काढायचा नाही. त्या वेळी नाही आणि पुढे तिच्या लग्नातही नाही. हे कबूल नसेल तर सरळ पिट्सबर्गला पाठवा. तिथे निदान ज्यासाठी पैसे भरताय ते नक्की मिळेल, आणि उत्तम मिळेल."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग भावजींचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता, आमच्या घरात तो नेहमीच असतो. "पण मग भाषाशास्त्र करून नोकरी कुठली लागणार?"

प्रश्न रास्त आहे. त्याला हसण्यात अर्थ नाही. भावजी कर्ज काढून या देशात आले, पहिली दोन वर्षं एका खोलीत चौघं राहिले. ज्यानं एकदा जमीन पायाखालून जाताना बघितली आहे त्याला 'चाखून बघ' हे श्रीमंतांचं बोलणं वाटतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की २०२२-२३ च्या ले-ऑफनंतर कॉम्प्युटरलाही ती खात्री राहिलेली नाही. माझ्या ओळखीत चांगल्या कॉलेजांतली ताजी पदवीधर मुलं महिनोन्‌महिने नोकरी शोधताना मी बघितली आहेत. जमीन तशी कुठेच पक्की नाही. मग निदान मुलगी स्वतः निवडलेल्या जमिनीवर उभी असू दे. पटलं की नाही माहीत नाही. "बघू" म्हणाले.

एक खुलासा. हे सगळं इथे पदवीसाठी जाणाऱ्यांपुरतं आहे. बी.ई. करून एम.एस.ला येणाऱ्यांनी हा हिशोब लावू नये. त्यांचा विषय ठरलेला असतो आणि दोन वर्षांत चाखायला वेळही नसतो. तिथे कोर्स कुठले, कोणते प्राध्यापक, आणि कर्ज किती, एवढंच बघावं.

पण पुण्या-मुंबईतल्या दोन कॉलेजांत अडकलेल्यांना मात्र हाच प्रश्न विचारावासा वाटतो. कट-ऑफची यादी बाजूला ठेवून मुलाला एकदा विचारा, "तू दुसरं काय करून बघितलंयस?" उत्तर 'काहीच नाही' असेल तर तो त्याचा दोष नाही. आपण वेळच दिलेला नसतो. आपल्याकडे पहिल्याच दिवशी ब्रँच ठरते, तेव्हा ज्या कॉलेजात ब्रँच बदलता येते, दुसऱ्या विभागाचे विषय घेता येतात, नाटक-बोट क्लब-रोबोट काहीतरी जिवंत आहे, ते कॉलेज यादीत दोन नंबर खाली असलं तरी वर धरावं, असं माझं मत.

राहता राहिली भाची. ३० एप्रिलला रात्री, म्हणजे तिच्याकडे जवळजवळ बारा वाजता, तिचा मेसेज आला, "मामा, स्टॅनफर्ड. बाबा म्हणाले ओके." आणि खाली दुसरी ओळ, "बाबांनी विचारलं लिंग्विस्टिक्सला मराठीत काय म्हणतात. मी सांगितलं मामाला विचारा."

अजून त्यांचा फोन आलेला नाही. आला तर सांगेन. शनिवारी सकाळी सहाला आला तरी उचलेन.